चौघींचा एक पेपर

शेवंताबाईला इंग्रजीची भीती वाटत नव्हती. तिला ती मुळात कळतच नव्हती, आणि जे कळत नाही त्याला भ्यायचं तरी कसं, हा तिचा पहिला घोळ. पुढचे घोळ यथावकाश आले.

बालाघाटला वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा छोटा दवाखाना होता. तिथं ती आया म्हणून लागली त्याला तीन वर्षं झाली होती. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, बाळंतिणींना पाणी तापवून द्यायचं आणि रात्री इतर आयांबरोबर पडवीत अंग टाकायचं. त्या पडवीत लेकरू ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून तिची नऊ वर्षांची आनंदी लामत्याला मामाकडे राहायची. नवरा दोन वर्षांमागे तापानं गेला होता. महिन्यातून एकदा शेवंता लामत्याला जायची, पोरीची वेणी घालायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत वहिनीचा निरोप आला. शाळेला सुट्ट्या लागल्या की पोरीला घेऊन जा, आमच्यानं आता होत नाही. नाहीतर खाणीवरच्या चुलत्याकडे पाठवून देऊ. चुलत्याकडे पाठवणं म्हणजे काय, हे शेवंताला सांगायची गरज नव्हती. तिथं नऊ वर्षांच्या पोरी शाळेत जात नाहीत, दगड वेचतात.

आणि त्याच आठवड्यात दवाखान्याच्या भिंतीवर कागद लागला. दवाईच्या खोलीवर एक बाई नेमायची होती आणि ती आयांमधूनच घ्यायची होती. बाटल्यांवरची नावं वाचता यावीत, वहीत चार ओळी लिहिता याव्यात, म्हणून इंग्रजीची परीक्षा. प्रश्न चार, गुण शंभर, चाळीसला पास, आणि जिला सगळ्यांत जास्त तिला जागा. जागेबरोबर दवाखान्यामागच्या ओळीतली कवेलूच्या छपराची एक खोली. शेवंताला त्या कागदातलं फक्त खोलीचं वाक्य कळलं, आणि तेवढं तिला पुरे होतं.

शिकवायला डोमाजी गुरुजी मिळाले. हे मराठी शाळेतले जुने मास्तर. छप्पन साली बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, शाळा हळूहळू हिंदी झाली आणि गुरुजी घरी बसले. डोळ्यांत घालायचं औषध न्यायला ते दवाखान्यात यायचे. शेवंतानं त्यांना गाठलं, तेव्हा ते इतके खुलले की औषध तिथंच विसरून गेले.

दुपारी रोगी झोपले की मागच्या कडुनिंबाखाली वर्ग भरायचा. शेवंताबरोबर परीक्षेला नाव दिलेल्या आणखी तिघी यायच्या; बाकी आयांनी इंग्रजीला लांबूनच हात जोडले होते. तुळसाबाई सगळ्यांत मोठी, पन्नाशीला टेकलेली, पडवीतली पुढारी. अनुसया बोलकी, हिंदी फडाफड बोलणारी. आणि विमला, सगळ्यांत लहान. तिचं सासर बालाघाटातच होतं, तिथं दोन खोल्यांत अकरा माणसं होती आणि ती चुलीजवळ पाय दुमडून झोपायची. चौघी लामत्याकडच्याच, दवाखान्यात येण्याआधी एकाच टोळीत धानाची रोपं लावायला, रोवण्याला जाणाऱ्या. देवनागरी अक्षरं चौघींना कशीबशी येत होती. इंग्रजीच्या नावानं पाटी कोरी.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी सांगितलं की माणसाला, गावाला, वस्तूला जे म्हणतो ते नाम. शेवंतानं मान हलवली. मग त्यांनी पुस्तक उघडलं तर त्यात संज्ञा लिहिलं होतं. मग ते म्हणाले की परीक्षेत याला नाऊन म्हणतील.

"गुरुजी, एका चिजेले तीन तीन नावं काहून?" शेवंतानं विचारलं.

"एक मराठी, एक हिंदी, एक इंग्रजी. वस्तू तीच आहे."

"मंग त्यातलं खरं कोनतं?"

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि क्रियापदाकडे वळले. क्रियापदालाही क्रिया आणि व्हर्ब अशी आणखी दोन नावं निघाली. शेवंताला वाटलं, या शब्दांनाही बायकांसारखं माहेरी एक नाव, सासरी एक, आणि तिसरं कुणी ठेवलं देव जाणे. तिनं ते बोलून दाखवलं नाही. शिकणाऱ्यानं फार विचारू नये, असं तिचं मत होतं, आणि त्या मतानं तिला पुढं चांगलंच गोत्यात आणलं.

पुस्तक एकच होतं. तेही जुनं, शिवण उसवलेलं. आठवड्यात एबीसीडी गिरवून झाली, तरी चौघींची डोकी एका पानावर आपटत होती. शेवटी गुरुजींनी पुस्तकाचे चार भाग सुटे केले आणि वाटून दिले. अनुसयाला नाम आणि सर्वनाम. शेवंताला क्रियापद आणि काळ. विमलाला मोठी अक्षरं, टिंबं आणि प्रश्नचिन्हं. तुळसाबाईला वाचायचा उतारा आणि रजेचा अर्ज. पंधरा दिवसांनी भाग बदलायचे, असा गुरुजींचा बेत होता. पण तो त्यांच्या मनातच राहिला. तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याहून मुलाचं पत्र आलं की मोतीबिंदू काढायची तारीख मिळाली आहे, आणि गुरुजी घाईघाईनं गेले.

आता खरं सांगायचं तर बायांना यात काही अडलंच नाही. धानाच्या बांधीत रोवणा चालतो तेव्हा बाया ओळीनं उभ्या राहतात. प्रत्येकीला लावायला आपली पात, आपली पट्टी. कुणी बाळंतीण असेल, कुणाच्या घरी नुकतं कुणी गेलं असेल, तर बाजूच्या बाया तिची पात आपल्यात घेतात. बांधी भरली की झालं. कोणता पऱ्हा, कोणतं रोप कुणी लावलं, असं आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. इंग्रजीची बांधी चार पातींची होती आणि बायाही चार होत्या. हिशेब इतका सरळ होता, की त्यात शंका काढायला शिकलेलंच माणूस लागलं असतं.

चौघी कामाला लागल्या. तुळसाबाई फरशी पुसताना अर्ज घोकायची. "आय अॅम सफरिंग फ्रॉम फीवर," ती दिवसभर म्हणायची, आणि एका रोग्यानं डॉक्टरांना खरोखर सांगितलं की तुमच्या आयाला ताप आहे. विमला म्हणायची की गोल टिंब आलं की बोलणं बंद, शेपटीचं आलं की नुसता दम घ्यायचा, आणि 'आय' म्हणजे मी, तो कुठंही आला तरी मोठाच लिहायचा. शेवंताला हे विचित्र वाटलं. देव आणि गाव मोठं लिहिलं तर समजू शकतं, पण माणसानं स्वतःलाच मोठं लिहायचं, यात काही रीत दिसेना. तिच्या स्वतःच्या वाट्यालाही कमी घोळ नव्हता. आज जायचं तर 'गो', आणि काल गेलो तर 'वेंट'. ती तासभर त्या दोन शब्दांकडे पाहत बसली.

"काल गेला तं नावच बदललं," ती अनुसयाला म्हणाली. "असा कुठं गेलता तो?"

परीक्षेला चार दिवस राहिले, तेव्हा तिच्या मनात प्रथमच पाल चुकचुकली. ती तुळसाबाईजवळ जाऊन बसली.

"तुळसाबाई, मले तं एवढंच येते. बाकीचं मी काय करू?"

"बाकीचं आमी आहो ना," तुळसाबाई म्हणाली. "तू आपली पात धर."

शेवंताला ते पुरतं कळलं नाही, पण तुळसाबाईच्या आवाजात इतका भरवसा होता की पुन्हा विचारायची तिला लाज वाटली.

परीक्षा रविवारी झाली, बाहेरच्या रोग्यांच्या हॉलमध्ये, बाकं लांबलांब ठेवून. मोठ्या सिस्टर स्वतः कागद घेऊन आल्या. त्या केरळच्या. मराठी त्यांना येत नव्हती आणि हिंदीही कामापुरतीच, पण त्यांची नजर चुकवून दवाखान्यातली माशी हलत नसे. शेवंतानं कागद पाहिला आणि ती गोंधळली. चारही प्रश्न तिच्याच कागदावर होते. तिनं मान वळवून पाहिलं तर तुळसाबाईच्या कागदावरही चार. तिला वाटलं, जिची तिला आपली पात सापडावी म्हणून सगळ्यांना सारखा कागद दिला असेल. तिनं दुसरा प्रश्न शोधला, जीव ओतून लिहिला, आणि उरलेल्या वेळात हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तुळसाबाईनं लांबून तिच्याकडे पाहून मान डोलावली. सगळं ठीक आहे, असं त्या मानेत होतं.

मंगळवारी सकाळी सिस्टरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर चार पेपर मांडलेले होते.

"शेवंता, तुम कितनी हो?"

"एक, सिस्टर," शेवंता म्हणाली. हा प्रश्न तरी तिला येत होता.

"तो ये देखो."

शेवंतानं वाकून पाहिलं. चारही कागदांवर एकेकच प्रश्न सोडवलेला होता, आणि माथ्यावर इंग्रजीत एकच नाव होतं. शेवंताबाई. एका जागी तिच्या हातचं. बाकी तीन जागी दुसऱ्यांच्या हातचं, एक तिरकं, एक बारीक, आणि एक इतकं जाड की कागद फाटायला आला होता. तिच्या डोक्यात काही शिरेना. आपण चार वेळा परीक्षा दिली का, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

"मैंने एकच लिखा," ती म्हणाली. "ये वाला."

"और ये तीन? तुमने लिखवाया?"

"नाही सिस्टर."

"ये चोरी है," सिस्टर म्हणाल्या. "चारों को निकालना पड़ेगा, मालूम है?"

खोली तर दूरच, आता पडवीही जाणार. आनंदीचा चेहरा शेवंताच्या डोळ्यांपुढून हलेना. सिस्टरांनी बाकी तिघींना बोलावलं. तिघी ओल्या हातांनीच आल्या, भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पेपर पाहून त्यांच्या तोंडावर चोरी पकडल्याचं काही दिसलं नाही. उलट तुळसाबाईनं कौतुकानं आपला कागद ओळखला.

"चोरी कशाची, सिस्टर?" ती म्हणाली. "परीक्षा तिची होती. पोरगी तिची येऊन राह्यली. आमी तिच्या पातीले हात लावला."

सिस्टरांनी अनुसयाकडे पाहिलं. अनुसयानं हिंदीत सांगितलं की काम इसका था, हमने हाथ लगाया.

"अपना नाम क्यों नहीं लिखा?"

सिस्टरांनी एक कोरा कागद पुढं सरकवला, त्यावर पेन्सिल ठेवली. "ठीक है. अब लिखो. अपना अपना नाम."

तुळसाबाईनं हात पदराला पुसला. पेन्सिल घट्ट धरली. वाकली, ओठ दाबले, आणि एकेक अक्षर काढत गेली. सिस्टर वाकून पाहत होत्या, शेवंताही पाहत होती. कागदावर पुन्हा शेवंताबाई उमटलं.

"एवढंच येते, सिस्टर," तुळसाबाई म्हणाली. "आमी तिघीनं एवढंच नाव शिकलो."

अनुसयानं हे हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण सिस्टरांनी हातानंच तिला थांबवलं. मग चार पेपर एकावर एक ठेवून त्यांनी लाल पेन्सिलीनं बेरीज केली. एकवीस, एकोणीस, तेवीस, अठरा.

"इक्यासी," त्या म्हणाल्या. "चार औरत, एक नाम, इक्यासी नंबर. ऐसा कोई कायदा नहीं है." त्यांचा आवाज मघासारखा राहिला नव्हता, पण कायदा तर होताच. पंधरा दिवसांनी पेपर पुन्हा होईल. चौघींनी बसायचं, एक जरी आली नाही तरी परीक्षा रद्द. जिनं तिनं आपलं नाव लिहायचं, आपलाच पेपर लिहायचा. जास्त गुण तिला जागा.

बाहेर आल्यावर शेवंताला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि आधी काय करावं ते तिला ठरवता येईना. तिनं राग आधी केला.

"तुमाले कोनं सांगतलं होतं हे?"

"हे कोनं सांगाचं असते काय?" तुळसाबाई म्हणाली. तिला तो प्रश्नच समजला नाही.

त्या दिवसापासून अभ्यास पालटला. शेवंतानं हट्ट धरला, की आधी तिघींनी आपापलं नाव शिकायचं. औषधं बांधून देणाऱ्या पुनारामनं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिघींची नावं इंग्रजीत लिहून दिली. तुळसाबाई आपलं नाव इतक्या वेळा गिरवायची की पुठ्ठ्याला खळगा पडला. बाकीची दुपार चौघी एकमेकींना आपापला भाग शिकवायच्या. शेवंताला नाम जमलं, टिंबं जमली, उतारा वाचताना मात्र घाम फुटायचा. अक्षरं एकेकटी ओळखीची होती, पण ओळीत उभी राहिली की अनोळखी व्हायची.

विमलाचं तसं नव्हतं. चार दिवसांत तिनं तिघींचे भाग गिळून टाकले. पाचव्या दिवशी ती अनुसयाच्या चुका काढायला लागली. आठव्या दिवशी ती उतारा न अडखळता वाचून मोकळी झाली. एवढे दिवस शेवंताला इंग्रजी कळत नव्हती. आता तिला एक गोष्ट स्वच्छ कळली होती, आणि ती न कळती तर बरं होतं.

विमलाला वाईट म्हणायचं तरी कशावरून? अकरा माणसांत चुलीजवळ झोपणारीनं एका खोलीवर डोळा ठेवू नये का? शेवंतानं स्वतःला हे दहादा सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी विमला येऊन तिला म्हणाली, "मले काल झालेल्या गोष्टीचे शब्द सांग ना वो, तेवढेच राह्यले," तेव्हा शेवंताचा हात कमरेकडे गेला. ते पान तिच्या कमरेलाच खोचलेलं होतं. हरवलं म्हणाली असती तर कुणी झडती घेणार नव्हतं. विमला वाट पाहत उभी होती. शेवंतानं पान काढलं, तिला जवळ बसवलं आणि सगळे शब्द सांगितले, 'वेंट'सुद्धा. सांगून झाल्यावर तिला मोठेपणा वाटला नाही. फक्त आपण वेडेपणा केला, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या पेपराच्या दिवशी बाकं आणखी लांब ठेवली होती. शेवंतानं आपलं नाव लिहिलं आणि पहिल्या प्रश्नाला हात घातला. इकडं तिकडं पाहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण पाच मिनिटं झाली नसतील, विमला उठली. कागद सिस्टरांच्या टेबलावर ठेवून निघूनही गेली. शेवंताच्या हातातलं पेन थांबलं. इतक्या लवकर? सगळं लिहून? मग अनुसया उठली. मग तुळसाबाई कंबर धरून उठली आणि तीही गेली. शेवंताला काही उमजेना. या तिघींना इतकं येत होतं, आणि आपल्यालाच काही येत नाही, असा तिनं समज करून घेतला. डोळ्यांत पाणी येऊन कागदावरची ओळ पुसट दिसायला लागली. तरी ती लिहीत राहिली, कारण आनंदीला काय सांगायचं ते तिला दुसरं सुचत नव्हतं. घंटा होईपर्यंत ती लिहीत होती.

सिस्टरांनी तिला तिथंच थांबवून घेतलं. तिच्यासमोरच पेपर तपासला. लाल पेन्सिल कित्येकदा अडली, कित्येकदा काट मारून गेली.

"छियालीस," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "पास."

"और विमला को कितना?" शेवंतानं विचारलं.

सिस्टरांनी बाजूचे तीन कागद तिच्यापुढं ठेवले. एकावर वर विमलाबाई लिहिलं होतं, बारीक, नीट. एकावर अनुसया. तिसऱ्यावर तुळसाबाई, इतकं मोठं की या काठापासून त्या काठापर्यंत. तिन्ही कागदांवर त्या नावाखाली एक अक्षरही नव्हतं. शेवंतानं कागद उलटून पाहिले. मागंही काही नव्हतं.

"कमरे की चाबी ऑफिस से लेना," सिस्टर म्हणाल्या, आणि रजिस्टर उघडून त्यात मान घालून बसल्या.

शेवंता मागच्या अंगणात गेली. विमला धुतलेल्या चादरी दोरीवरून काढत होती. शेवंता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"विमला, तुले तं सगळं येत होतं," ती म्हणाली.

"हौ. येत होतं."

"मंग काहून नाई लिहिलं?"

"खोली एकच हाय ना वो," विमला म्हणाली, आणि घडी घालायला चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.